जास्तीचे अकरा उंदीर

नाना, भोपळेराव बरे आहेत. हे आधी सांगतो, कारण कराडहून फोन केलात की तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा. मुलीची चौकशी त्यानंतर, नातीची तिच्यानंतर, आणि माझ्या वाट्याला शेवटी "आबासाहेबांना नमस्कार सांगा" एवढंच. तर, वजन पाचशे दहा ग्रॅम. मागच्या पंधरवड्यात कात टाकली, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध. शेवटचा उंदीर सात दिवसांपूर्वी दिला. पुढचा सात दिवसांनी.

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहा, असं अजित मला म्हणाला. "बाबा, नानांबरोबर सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच काढलात." वेळ काढला खरा. दोन हजार पाचच्या मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या घरात दिवसभर आपण दोघेच असायचो. माझा मुलगा अजित आणि तुमची मुलगी मेधा कामावर, नात रेवा शाळेत, नाहीतर सुट्टीतल्या शिबिरात. मागे उरायचे दोन विधुर व्याही आणि रेवाच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतला तो नारिंगी साप.

तुमचा जन्म, शिक्षण, कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढलेली वर्षं, हे लिहिणारे दुसरे आहेत. मी एकच गोष्ट लिहिणार आहे. ती तुम्हाला माहीत होती आणि मला माहीत होती. तिसऱ्याला कळायला तुम्हाला जावं लागलं.

मंडळातल्या ज्या लोकांना साप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोरच्या घरातलं अमेरिकन कुटुंब टेक्ससला गेलं, तेव्हा त्यांच्या मुलीने आपला साप रेवाला दिला. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. बिनविषारी, याच राज्यातल्या रानात सापडणारा, चार फूट लांब. नाव पंपकिन. घरात आलेल्याला एकेरी हाक मारणं तुम्हाला बरं वाटेना, म्हणून तुम्ही त्याचे भोपळेराव केलेत. मेधाने दोन अटी घातल्या: उंदीर तिच्या फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, आणि खायला घालायची जबाबदारी घरी असणाऱ्या कोणीतरी घ्यायची. पहिल्या अटीपायी अजितने गॅरेजमध्ये छोटा फ्रिज आणला. दुसरीसाठी मी मान हलवली नाही. मी तीस वर्षं सांगलीत मटणाची खाणावळ चालवलेला माणूस. आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात अंडं खाल्लं नाही, हात वर केलात. "वेळापत्रकाचं काम आहे ना? मग ते माझं."

पहिल्याच आठवड्यात तुम्ही रेवाकडून जाड कागद मागून घेतलात आणि पट्टीने रेघा मारून तक्ता केलात. तारीख, उंदराचा आकार, खाल्ला की नाही, सापाचं वजन, कात, शी, आणि शेवटी शेरा. समोरच्या मुलीने जाताना सूचना लिहून दिल्या होत्या. दहा ते बारा दिवसांनी एक उंदीर. उंदीर सापाच्या जाडीएवढा, फार मोठा नाही. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलायचं नाही. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की द्यायचा नाही. ते तुम्ही डेपोतल्या परिपत्रकासारखं वाचलंत आणि तसंच पाळलंत. गुरुवार तेवढा तुमचा स्वतःचा. दत्ताच्या वारी तुम्ही उंदराला शिवायचा नाहीत, म्हणून दिवस गुरुवारी आला की शुक्रवारी ढकलायचा. शेऱ्यात लिहिलेलं असायचं: 'गुरुवार. भोपळेरावांना उपास.'

गोठलेला उंदीर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी गरम पाण्याच्या मगात, अर्धा तास. मग कागदी नॅपकिनने कोरडा करून, खास त्यासाठी आणलेल्या पापडाच्या चिमट्याने शेपटीला धरून, तुम्ही तो पेटीत धरायचात. तोंड खिडकीकडे.

"घेतला का?"

"घेतला."

"गिळला का?"

"अहो, बघा की जरा वळून!"

"तुम्ही बघताय ना, पुरे." आणि मग तुम्ही आंघोळीला.

ते दहा दिवस मला पहिल्यापासून खुपले. एवढा चार फुटी जीव, आणि दहा दिवसांतून एक उंदीर?

"नाना, आपली एकादशीसुद्धा पंधरा दिवसांनी येते. आणि त्या दिवशी खिचडी असते."

"आबासाहेब, त्याचं यंत्र वेगळं. एक उंदीर पचवायला त्याला चार-पाच दिवस लागतात. दिवसभर उभ्या असलेल्या गाडीला डिझेल कितीसं लागणार?"

"पण बघा तरी. काचेला नाक लावून उभा आहे."

"उभा राहणारच. रानात पुढचा उंदीर कधी मिळेल याचा त्याला भरवसा नाही. समोर आलं की तो घेतो. पोट भरलं की थांबायचं, हे त्याच्या हातात नाही. थांबायचं ते आपण."

"तुम्ही माणसांनाही असंच वाढता," मी म्हणालो.

तुम्ही उठून बाहेर गेलात. का, ते आपल्या दोघांना ठाऊक होतं. अजित-मेधाच्या लग्नात, कराडला, शेवटच्या पंगतीला भात कमी पडला होता आणि जिलेबी संपली होती. मी भर मांडवात म्हणालो होतो, "तीस वर्षांत माझ्या खाणावळीतून उपाशी माणूस उठला नाही. इथं आज पंगत उठली." तुम्ही हात जोडलेत. लिहायलाच बसलोय तर हेही लिहून टाकतो. मी तुम्हाला दोनशे माणसं कळवली होती आणि सांगलीहून आणली होती दोनशे साठ. तुम्ही पानं मोजली असणार, तुम्हाला ते कळलंच असणार. पण तुम्ही मुलीचे बाप. मुलीच्या बापाने वरपक्षाला आकडा दाखवायचा नसतो. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी 'आबासाहेब' झालो, आणि एका घरात राहूनही तुम्ही त्यातला 'साहेब' कधी काढला नाहीत.

आता उंदरांकडे येतो.

जुलैतला एक मंगळवार होता. मंगळवारी दुपारी तुम्हाला देवळातल्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमाला घेऊन जायला गाडी यायची. मी जायचो नाही, भजनात मला झोप येते. मी रेवाच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, ती खोली थंड असायची. साप काचेवर चढला. जीभ आतबाहेर करत माझ्याकडे बघत राहिला. सांगलीला अकरा वाजता दार उघडायच्या आधी कॉलेजची मुलं जाळीला अशीच नाकं लावून उभी असायची. मला चेहऱ्यावरून कळायचं, हा काल रात्री जेवलेला नाही. मी त्याच्या ताटात न विचारता एक भाकरी जास्त टाकायचो. ही माझी आयुष्याची कमाई, असं मी समजत होतो.

या घरात माझ्या हातचं जास्तीचं कोणी घेत नव्हतं. अजितचं कोलेस्टेरॉल, मेधाचं डाएट. रेवा म्हणायची, "आबा, आय'म फुल." तुम्ही तर दोन पोळ्या झाल्या की ताटावर हात आडवा धरायचात, तो मी सरकवून बघितला तरी सरकायचा नाही. बायको गेल्यापासून मी वाढलेलं कोणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. तुमच्या उंदराला तेव्हा पाच दिवस झाले होते. मी गॅरेजमध्ये गेलो, पिशवी मगात बुडवली, अर्धा तास थांबलो. सापाने एका झडपेत घेतला. मी मान वळवली नाही. सगळं बघितलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्यानंतर तो मग धुऊन जागेवर ठेवला आणि तक्त्यावर काही लिहिलं नाही.

पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. मग तुम्ही संध्याकाळी फिरायला जायचात तेव्हाही.

तुमच्या तक्त्यात वजन चढायला लागलं. चारशे ऐंशी, पाचशे पाच, पाचशे चाळीस. तुम्ही चष्मा लावून त्या आकड्यांपुढे बसायचात. दहा दिवसांचे तुम्ही बारा केलेत. वजन थांबेना, तेव्हा चौदा. मग अठरा. मला वाटायचं, म्हातारा हट्टाला पेटलाय, मुक्या जिवाला उपाशी मारतोय, आणि मी माझा उंदीर दोन दिवस आधी द्यायचो. तुम्ही वजन बघून दिवस वाढवत होतात, मी दिवस बघून उंदीर वाढवत होतो. असं आपलं अडीच-तीन महिने चाललं.

सप्टेंबरच्या शेवटी उंदरांचं पाकीट संपलं. जेवताना तुम्ही अजितला नवीन आणायला सांगितलंत.

"आं? नाना, वीसचं पॅकेट होतं ना? एवढ्यात?"

तक्त्यात बारा नोंदी होत्या. वीसातून बारा गेले की आठ उरतात. ज्या माणसाने जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या, त्याला हे कळलं नसेल, असं मी मानत नाही. तुम्ही घोटभर पाणी प्यायलात आणि म्हणालात, "संपले खरे. आणा नवीन."

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात मी खुर्ची टाकून बसलो होतो. पाइनच्या सुया झाडून तुम्ही ढीग करत होतात. झाडता झाडता म्हणालात, "आबासाहेब, आग्रह करणाऱ्याला पुण्य लागतं. पोट मात्र खाणाऱ्याचं दुखतं."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काही नाही. सहज."

एवढी वाट तुम्ही मला करून दिली होती. मी म्हणालो, चहा टाकतो, आणि उठून आत गेलो. त्यानंतरही मी तीन उंदीर दिले. म्हणून आकडा अकरा.

शेवटचा बुधवारी. तुमचा दिवस त्या आठवड्यात गुरुवारी येत होता. गुरुवार आला की शुक्रवार, हा तुमचा नियम मला पाठ होता. म्हटलं, आज दुपारी दिला तर मध्ये दोन दिवस जातात, चालून जाईल. पण शुक्रवारी मेधाकडे मंडळाची माणसं जेवायला येणार होती, त्या गडबडीत उंदीर नको म्हणून तुम्ही दिवस अलीकडे, बुधवारवर आणलात. बुधवारी संध्याकाळी चिमटा घेऊन तुम्ही रेवाच्या खोलीकडे निघालात तेव्हा मी जिन्यातच होतो. एक वाक्य पुरलं असतं. 'नाना, आज राहू द्या.' मी बाजूला झालो आणि तुम्हाला वाट दिली. सापाने तोही घेतला. तुम्हीच म्हणाला होतात, समोर आलं की तो घेतो.

शुक्रवारी हॉलमध्ये पंधराएक माणसं होती. रेवा वरून ओरडत आली. "मॉम! ही थ्रू अप! देअर आर टू! टू माइस!" तिच्या पाठोपाठ ओकारीचा वास खाली आला. मेधा वर धावली, पाहुणे जिन्यापर्यंत गेले. रेवा तुमच्यापुढे उभी राहून रडत होती. "नाना, यू गेव्ह हिम टू? व्हाय?" पाहुण्यांतला एक जण हसत म्हणाला, "काय हो नाना, सापालाही आग्रह? पहिल्यांदाच बघतोय." सगळे हसले.

मीही हसलो, नाना.

सोमवारी प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तुम्ही तक्ता गुंडाळी करून बरोबर घेतला होता. डॉक्टरीणबाईंनी सापाच्या पाठीवरून बोट फिरवलं. कणा लागत नव्हता. वळला की अंगाला घड्या पडत होत्या, खवल्यांच्या मधली कातडी दिसत होती. वजन साडेसहाशे. त्यांनी तुमचा तक्ता नीट वाचला. मग त्या अजितला जे म्हणाल्या ते त्याने तुम्हाला मराठीत सांगितलं.

"नाना, त्या म्हणतायत, या चार्टप्रमाणे खाऊन साप एवढा जाड होऊच शकत नाही. ऑलमोस्ट डबल खाल्लंय त्याने. काही एन्ट्रीज राहून गेल्यात का? म्हणजे, दिला आणि लिहायचं विसरलात, असं?"

तुम्ही तक्त्याकडे बघत राहिलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही बघितलं असतंत तर मी बोललो असतो, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी खिडकीतून गाड्या बघत होतो.

"असेल," तुम्ही म्हणालात. "विसरलो असेन."

अजितने खिशातलं पेन काढून तक्त्याच्या खाली लिहिलं, 'मिस्ड एन्ट्रीज', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

सापाला दोन आठवडे काही द्यायचं नाही, मग लहान उंदीर, आणि पुढे कायम चौदा दिवसांचं अंतर, एवढ्यावर साप निभावला. तुमचं तसं झालं नाही. त्या आठवड्यात रेवाने तुमच्या हातातून चिमटा काढून घेतला. रागाने नव्हे. "डोन्ट वरी नाना, आय'ल डू इट." मेधाने तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी वारांच्या खणांची डबी आणली आणि रोज सकाळी ती उघडून बघायला लागली. गॅसची बटणं ती कामाला जाताना काढून ठेवायची. तुम्ही सकाळी दहाला स्वतःचा चहा स्वतः करायचात, तो बंद झाला. तेव्हापासून मी मायक्रोवेव्हमध्ये पाणी गरम करून तुम्हाला चहा द्यायचो, आणि तुम्ही "आबासाहेब, तुम्हाला त्रास" म्हणत घ्यायचात. रेवाच्या शाळेची बस यायची तिथे तुम्ही तीन वाजून पाच मिनिटांनी उभे असायचात, पाच महिन्यांत शाळेचा एक दिवस चुकला नव्हता. तेही काम शेजारणीकडे गेलं. एकदा मेधा फोनवर कोणाशी तरी बोलताना मी ऐकलं. "नानांचं वय दिसायला लागलंय गं. विसरतात." तुम्ही पलीकडच्या कोचावर होतात. तुम्हीही ऐकलंत.

तुम्ही का बोलला नाहीत, यावर मी पुष्कळ विचार केला. तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीच्या घरी आलेले. मी मुलाच्या घरी कायमचा. तुम्ही खरं बोलला असतात तर मेधाला सासऱ्याला जाब विचारावा लागला असता, आणि तुम्ही विमानात बसल्यावर तिला माझ्याबरोबरच राहायचं होतं. मांडवात तुम्ही हात जोडलेत ते तिच्यासाठी, आणि डॉक्टरकडे विसरलो म्हणालात तेही तिच्यासाठीच. माझ्यावर तुम्ही उपकार केलेत, असं मी इतके दिवस समजत होतो. आता वाटतं, तुमच्या विचारात मी फारसा नव्हतोच.

विमानतळावर सगळ्यांचं तुमच्या पाया पडून झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, आता म्हणतील. तुम्ही म्हणालात, "चौदा दिवस, आबासाहेब."

"हो," मी म्हणालो.

तेव्हापासून मी त्या सापाला एक घास जास्तीचा दिलेला नाही. पण हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचा फोन आला की मी तो मेधाकडे द्यायचो. दोनदा अजितने तिकीट काढतो म्हटलं, दोन्ही वेळा तुम्ही "आता प्रवास झेपत नाही" म्हणून नाही म्हणालात. गॅसची बटणं काढून ठेवलेल्या घरात परत यायला कोणाला झेपेल?

तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. मेधा कराडला जाऊन तेरावा करून आली. गेल्या सोमवारी रात्री आम्ही चौघे जेवायला बसलो. मेधाने तुमच्या आवडीची भरली वांगी केली होती. बोलणं तुमच्यावरच होतं. अजित म्हणाला, "लास्ट व्हिजिटला त्यांची मेमरी जायला लागली होती. आपण तेव्हाच टेस्ट करून घ्यायला हवी होती." रेवा आता तेरा वर्षांची आहे. ती प्रेमाने हसली आणि म्हणाली, "पुअर नाना. ही फेड पंपकिन ट्वाइस अँड फरगॉट." मेधा भात कालवता कालवता थांबली. "मला एक कळत नाही," ती म्हणाली. "तिथल्या डॉक्टरांना मी म्हटलं, नाना विसरायला लागले होते ना. तर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, कोण, नाना? पाच वर्षांची बीपीची रीडिंग्ज मला तोंडपाठ म्हणून दाखवायचे."

जन्मभर ज्या माणसाने कोणाला जास्त वाढलं नाही, तो या घरात दोनदा वाढणारा आणि विसरणारा म्हणून उरला होता. आणि तोही प्रेमाने. रागाने आठवण काढली असती तर मी कदाचित आणखी काही वर्षं गप्प बसलो असतो.

"नाना काही विसरले नव्हते," मी म्हणालो. "जास्तीचे उंदीर मी देत होतो."

"बाबा, काय?" अजित म्हणाला.

मी सगळं सांगितलं. मंगळवार, गरम पाण्याचा मग, जिना, अंगणातलं बोलणं. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अजित म्हणाला, "तुम्ही त्यांना तसंच जाऊ दिलंत?" मी हो म्हणालो. मेधाने हात धुतले, पुसले, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मी त्यांना गॅसला हात लावू दिला नाही, बाबा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना."

आणि ती वर गेली.  

 रेवा उठली आणि थोड्या वेळाने तक्ता घेऊन आली. तिने तो कपाटात जपून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. तिने तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

"हाउ मेनी, आबा?"

"अकरा."

"डेट्स आठवतात?"

पहिली आठवत होती, शेवटची आठवत होती. अजितच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीची एक. तुम्ही दाढदुखीने झोपून होतात त्या दिवशीची एक. बाकीच्या तुमच्या ओळींच्या मध्ये अंदाजाने बसवल्या आणि तसं लिहिलं. माझं अक्षर तुमच्यापेक्षा मोठं, रकान्यात मावत नाही. शेऱ्यात प्रत्येक वेळी लिहिलं: 'आबांनी दिला. नानांना न सांगता.' अकरा वेळा. रेवाने पट्टी घेऊन दोन्हींची बेरीज केली, वजनाच्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ओके. नाउ इट मेक्स सेन्स." मग अजितकडून पेन मागून घेतलं आणि खालचं 'मिस्ड एन्ट्रीज' आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह दोन रेघांनी खोडलं. तक्ता पुन्हा पेटीच्या बाजूला लावलाय, तुम्ही लावला होतात तिथेच. त्या दिवशी भोपळेरावांचा चौदावा दिवस होता. उंदीर रेवाने दिला. मी विचारलं नाही, आणि तिनेही चिमटा माझ्यापुढे केला नाही. तिने सांगितलं, फीडिंग ती करणार, लिहायचं मी.

मेधा माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबर आहे.

मंडळातल्या ज्यांनी त्या शुक्रवारी तो विनोद ऐकला, आणि पुढे ज्यांना सांगितला, त्यांनी हे वाचावं म्हणून मी लिहिलं. नाना सापाला आग्रह करत नव्हते. नाना विसरत नव्हते. त्यांच्या तक्त्यातली एकही नोंद चुकीची नव्हती.

आणि तुम्हाला, नाना. रेवाच्या खोलीत बसून लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत, खाली रस्त्यावर शाळेची बस थांबल्याचा आवाज आला. भोपळेराव मघापासून काचेवर चढून उभे आहेत, जीभ आतबाहेर चालू आहे. अजूनही माझा हात उठतो, खोटं कशाला सांगू. गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये नऊ उंदीर आहेत. सकाळी मोजले. आता लिहून झालं की खाली जाऊन पुन्हा मोजीन, आणि ते नऊच असतील.

सातवा दिवस, नाना. अजून सात आहेत.